नावाचा वाद आणि विकराचा इतिहास

मृगाचा पहिला पाऊस पालीच्या खाचरांवर पडतो तेव्हा सरसगडाच्या पायथ्यापासून अंबा नदीच्या काठापर्यंत मातीचा वास सुटतो. मराठी कवितेने या वासाचे इतके कौतुक केले आहे, की त्याविषयी नव्याने काही लिहिण्याचे धाडस होत नाही. कवितेत न येणारी एक गोष्ट मात्र येथे नोंदवावीशी वाटते. या गंधात मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि ते द्रव्य मुख्यत्वे मातीत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसीज या प्रजातीच्या जीवाणूंचे असते. याच प्रजातीने १९४३ साली वैद्यकाला स्ट्रेप्टोमायसिन दिले, पुढे टेट्रासायक्लिनपासून कितीतरी प्रतिजैविके दिली. आणि ज्यांच्यामुळे प्रतिजैविके निकामी होतात अशी द्रव्ये तयार करण्याची विद्याही याच मातीतल्या जीवाणूंना फार पूर्वीपासून अवगत आहे. गंध, औषध आणि औषधाचा नाश, या तिन्ही गोष्टी एकाच ढेकळात नांदतात.

साहित्याच्या वाचकांसमोर हा विषय का मांडावा, असा प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे, की प्रतिजैविकांना निष्प्रभ करणाऱ्या विकरांचा इतिहास हा प्रयोगशाळांचा जेवढा आहे, तेवढाच तो कथांचा आणि नावांचाही आहे. कोणती कथा सांगितली गेली, कोणते नाव दिले गेले, यावर दोष कुणाच्या पदरी पडला हे ठरत गेले. कथा आणि नावे यांची चिकित्सा हे तर आपलेच काम.

एका लहानशा प्रसंगापासून आरंभ करतो. पालीच्या बाजारपेठेतील एका औषधाच्या दुकानात आम्ही उभे होतो. शेजारी सुधागडाच्या बाजूच्या एखाद्या वाडीवरून आलेल्या वयस्कर बाई होत्या. हातात चुरगळलेला कागद होता. "दादा, दोन दिवसांच्याच गोळ्या द्या. उतार पडला तर बाकीच्या नाय लागायच्या," त्या म्हणाल्या. दुकानदारांनी कात्रीने पट्टी कापली आणि "काकू, पुऱ्या घ्यायला पायजेत" एवढे पुटपुटून पैसे घेतले. मागे उभ्या असलेल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी आमच्याकडे पाहून म्हटले, "ह्या लोकांमुळेच औषधे चालेनाशी झालीत." त्या क्षणी आम्हालाही ते पटले. पुढे वाचन वाढले तसे ते वाक्य खुपू लागले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाक्याला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

प्रथम मूळ गोष्ट समजून घेऊ. जीवाणूच्या पेशीभोवती एक भिंत असते. माणसाच्या पेशीला ती नसते. ही भिंत सतत बांधावी लागते, आणि बांधणीचे काम करणारी काही प्रथिने असतात. पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले कडे आहे. त्याला बीटा-लॅक्टम वलय म्हणतात. हे कडे भिंत बांधणाऱ्या प्रथिनाला जाऊन अडकते, गवंड्याचे हात जखडले जातात आणि अर्धवट भिंतीची पेशी फुटून मरते. आता जीवाणूजवळ असे एखादे विकर, म्हणजे एन्झाइम, असेल की जे पाण्याच्या साहाय्याने हे कडे आधीच उघडून टाकते, तर पेनिसिलिन अडकण्यापूर्वीच निरुपयोगी होते. या विकरांना बीटा-लॅक्टमेज म्हणतात. ते पेनिसिलिनला मोडतात आणि स्वतः मात्र शाबूत राहून पुढच्या रेणूकडे वळतात. त्यांतील कार्यक्षम विकराचा एकेक रेणू सेकंदाला पेनिसिलिनचे हजाराच्या घरात रेणू मोडू शकतो. एका कारागिराने हजारो कुलपे फोडावीत आणि त्याच्या हत्याराची धार जराही बोथट होऊ नये, तसा हा प्रकार आहे.

या विकराचा शोध औषध चालेनासे झाल्यावर लागला, अशी सर्वसाधारण समजूत असते. कालक्रम नेमका उलटा आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली बुरशीचा परिणाम पाहिला. ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मे १९४० मध्ये उंदरांवर पेनिसिलिनचा प्रयोग केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांचे एक छोटे टिपण 'नेचर' नियतकालिकात आले. आतड्यात राहणाऱ्या एका जीवाणूच्या अर्कात पेनिसिलिनचा नाश करणारे विकर असल्याचे त्यांनी त्यात नोंदवले होते. अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला पेनिसिलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले ते फेब्रुवारी १९४१ मध्ये. म्हणजे पहिल्या रुग्णाच्या शरीरात औषध जाण्याच्या आधीच त्या औषधाचा वैरी छापील शब्दांत नोंदला गेला होता. तो शिपाई सुधारू लागला, पण साठा संपला. त्याच्या लघवीतून औषध पुन्हा गाळून घेण्यापर्यंत मजल गेली. तरीही मार्चमध्ये तो दगावला. त्याचा बळी विकराने घेतला नव्हता, तुटवड्याने घेतला होता. औषध न मिळाल्याने मरणे आणि औषध न चालल्याने मरणे, या दोन शोकांतिका तेव्हापासून एकमेकींच्या सोबतीने चालत आल्या आहेत.

यानंतर येते ती कथा. ११ डिसेंबर १९४५ रोजी नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. या गृहस्थाचा घसा दुखतो. तो पेनिसिलिन विकत घेतो, पण पुरेसे घेत नाही. त्यामुळे त्याच्या घशातले जीवाणू मरण्याऐवजी औषधाला तोंड द्यायला शिकतात. मग त्याच्या पत्नीला तोच संसर्ग होतो, औषध चालत नाही आणि ती मरण पावते. पत्नीच्या मृत्यूला जबाबदार कोण, असा प्रश्न विचारून फ्लेमिंग बोट दाखवतात ते त्या निष्काळजी नवऱ्याकडे.

कथा म्हणून ती उत्तम आहे. तीत पात्रे आहेत, अपराध आहे आणि शिक्षाही आहे, तीही निरपराध स्त्रीला मिळालेली. म्हणूनच ती टिकली. पालीच्या दुकानातील त्या गृहस्थांनी फ्लेमिंग यांचे नावही कदाचित वाचले नसेल, पण ते सांगत होते ती ऐंशी वर्षांपूर्वीची हीच गोष्ट. गंमत अशी, की कथेत ज्या जीवाणूचा उल्लेख आहे, त्या घसादुखीच्या स्ट्रेप्टोकोकसवर साधे पेनिसिलिन आजही चालते. कथेतील घटना त्या जीवाणूच्या बाबतीत घडलीच नाही.

घडले ते दुसरीकडे, आणि निराळ्या रीतीने. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाई जखमांत पू करणाऱ्या स्टॅफिलोकोकसचे नमुने तपासत होत्या. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण १९४६ मध्ये सुमारे १४ टक्के होते, ते १९४७ मध्ये ३८ टक्क्यांवर गेले. हे जीवाणू औषधाच्या अपुऱ्या मात्रेने 'शिकून' तयार झाले होते काय? बार्बर यांचे उत्तर नकारार्थी होते. विकर तयार करणारे वाण आधीपासूनच अस्तित्वात होते. पेनिसिलिनने त्यांच्या शेजाऱ्यांना मारले, मैदान मोकळे झाले आणि रुग्णालयातल्या हातांवरून, चादरींवरून हे वाण पसरत गेले. औषधाने रोध निर्माण केला नव्हता. औषधाने तो निवडला होता.

'शिकणे' आणि 'निवडले जाणे' या दोन क्रियापदांतील अंतर भाषेच्या अभ्यासकांना सांगायला नको. पहिल्या क्रियापदात जीवाणू हा विद्यार्थी आणि अर्धवट गोळ्या घेणारा रुग्ण हा त्याचा वाईट शिक्षक ठरतो. दुसऱ्यात कोणी एक अपराधी उरत नाही. प्रतिजैविकाचा प्रत्येक वापर हा निवडीचा एक क्षण ठरतो, मग तो आवश्यक असो वा अनावश्यक, मात्रा पूर्ण असो वा अपुरी. सर्दीसाठी डॉक्टरांनीच लिहून दिलेली पाच दिवसांची संपूर्ण मात्रा, कोंबड्यांच्या खाद्यात वजनवाढीसाठी मिसळलेले औषध, कारखान्यातून ओढ्यात गेलेले सांडपाणी, हे सारे त्या निवडीतच येते. उपचार किती दिवस घ्यावा हे ठरवणे डॉक्टरांचेच काम आहे आणि ते रुग्णाने परस्पर बदलू नये, हे खरेच. पण सगळा दोष त्या काकूंच्या दोन गोळ्यांवर लोटणे हे इतिहासाला धरून नाही. २०१९ साली भारत सरकारने पशुपालनात कॉलिस्टिन या शेवटच्या फळीतील प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घातली, ती याच जाणिवेतून.

विकरे किती जुनी आहेत याचा एक पुरावा २०११ साली प्रसिद्ध झाला. कॅनडातील युकॉन भागात ३०,००० वर्षे गोठून राहिलेल्या मातीत संशोधकांना बीटा-लॅक्टमेजची जनुके सापडली. त्या काळी डॉक्टर नव्हते, दुकान नव्हते आणि अर्धी पट्टी कापून घेणारे कोणी नव्हते. मातीतले जीव एकमेकांशी रसायनांच्या भाषेत बोलत-भांडत होते, एवढेच. आपण त्या जुन्या भांडणात गेल्या शतकात उतरलो.

आता नावांकडे वळू. १९६० च्या दशकापर्यंत आणखी एक गोष्ट उघड झाली होती: ही जनुके प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनए-कड्यांवर बसून एका जीवाणूतून दुसऱ्यात, किंबहुना एका जातीतून दुसऱ्या जातीत जातात. १९६३ साली अथेन्समधील एका रुग्णाच्या नमुन्यात असे एक विकर आढळले. नेओमी दत्ता आणि पॉलिक्सेनी कोन्तोमिहालू यांनी १९६५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि रुग्णाच्या तेमोनिएरा या नावावरून ते 'टेम' म्हणून ओळखले जाऊ लागले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत हे तीन अक्षरी नाव रोज उच्चारले जाते, पण त्यामागे एक आजारी माणूस होता हे कुणाच्या ध्यानीही नसते. पुढे इटलीतील व्हेरोना शहरावरून 'व्हिम', ब्राझीलमधील साओ पाउलोवरून 'एसपीएम', सोलवरून 'सिम' अशी नावे आली. त्यांवरून कुठे फारसा गदारोळ झाल्याचे दिसत नाही. वाद पेटला तो दिल्लीच्या नावावरून.

त्या वादाआधी सह्याद्री ओलांडून थोडे देशावर जावे लागेल. पालीजवळच्या सुधागडापासून सवाष्णीच्या घाटाने जुनी वाट वर चढते. आज आपण खोपोलीहून बोरघाटाने जातो. घाटमाथ्यापलीकडे पुण्याच्या वाटेवर पिंपरी लागते. तेथे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने केंद्र सरकारची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी उभी राहिली आणि १९५५ पासून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. पुणेकरांच्या तोंडी ती 'एचए' झाली. अल्बर्ट अलेक्झांडर ज्या तुटवड्याने गेला, तो तुटवडा स्वतंत्र भारतात राहू नये, ही त्यामागची आकांक्षा होती. औषधांच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान शोधणाऱ्याने येथे क्षणभर थांबावे. न्यूमोनियाने आणि सूतिकाज्वराने दगावणाऱ्या माणसांच्या देशात पेनिसिलिन स्वस्त होणे ही लहान गोष्ट नव्हती.

त्यानंतर अर्धशतकाने घडले ते असे. स्वीडनमध्ये राहणारी भारतीय वंशाची एक व्यक्ती भारतात आली असता आजारी पडून दिल्लीत रुग्णालयात दाखल झाली होती. जानेवारी २००८ मध्ये स्वीडनला परतल्यावर तिच्या नमुन्यात जो जीवाणू आढळला, तो कार्बापेनेम गटातील औषधांनाही जुमानत नव्हता. अन्य बीटा-लॅक्टम औषधे थकली की वापरायची, ती ही औषधे. त्यांना मोडणारे विकर नवे होते. आपले काम ते जस्ताच्या अणूंच्या आधाराने करत होते. डिसेंबर २००९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याला नाव मिळाले नवी दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, अर्थात एनडीएम-१. ऑगस्ट २०१० मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीझेस' या नियतकालिकात कार्तिकेयन कुमारसामी व इतरांचा लेख आला. चेन्नईत ४४, हरियाणात २६, ब्रिटनमध्ये ३७ आणि भारत-पाकिस्तानातील इतर ठिकाणी ७३ नमुन्यांत हे विकर आढळल्याची नोंद त्यात होती.

मग जे झाले ते अनेकांना आठवत असेल. संसदेत प्रश्न उपस्थित झाले, वैद्यकीय पर्यटनाला बदनाम करण्याचा हा कट असल्याचे बोलले गेले, शहराच्या नावाचा अवमान झाल्याची भाषा झाली. नावावरचा आक्षेप निराधार नव्हता. जानेवारी २०११ मध्ये 'लॅन्सेट'चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी शहराचे नाव वापरणे ही चूक असल्याचे मान्य केले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये नव्या आजारांना गावांची, देशांची नावे देऊ नयेत असे सुचवले. नावाने कलंक लागतो हे आपण जातींच्या, वस्त्यांच्या आणि आजारांच्या नावांवरून पुरते जाणतो.

तथापि या वादात एक लेख झाकोळला गेला, आणि आम्हाला त्याचेच दुःख अधिक आहे. 'लॅन्सेट'च्या लेखाच्या पाच महिने आधी, मार्च २०१० मध्ये, भारतीय फिजिशियन संघटनेच्या नियतकालिकात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील पायल देशपांडे, कॅमिला रॉड्रिग्ज आणि सहकाऱ्यांचा छोटा निबंध आला होता. ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात त्यांना कार्बापेनेमना दाद न देणारे २४ नमुने मिळाले; त्यांपैकी २२ नमुन्यांत एनडीएम-१ होते. त्याच अंकात डॉ. अब्दुल गफूर यांनी लिहिलेल्या संपादकीयाला प्रतिजैविकांचा मृत्युलेख असे शीर्षक होते. म्हणजे ही वार्ता परक्यांनी पसरवलेली नव्हती. आपल्याच डॉक्टरांनी, आपल्याच रुग्णालयातील नमुन्यांवरून, आपल्याच नियतकालिकात ती मांडली होती. तिने संसद हलली नाही. तेच विधान परदेशी मासिकातून परत आले तेव्हा मात्र त्याचा अपमान वाटला.

आणखी एक धागा नंतर सापडला. २००६ आणि २००७ या वर्षांत एका आंतरराष्ट्रीय पाहणीसाठी भारतातील १४ रुग्णालयांतून जमवलेले जीवाणू शीतपेटीत जपलेले होते. ते पुन्हा तपासले असता १५ नमुन्यांत एनडीएम-१ आढळले, आणि ते नमुने दिल्ली, मुंबई व पुणे या तीन शहरांतले होते. २०११ साली हे प्रसिद्ध झाले. ज्या पुण्याच्या वेशीवर पन्नास वर्षांपूर्वी पेनिसिलिनची भट्टी पेटली, त्याच पुण्यात पेनिसिलिनच्या वंशातील शेवटच्या औषधांना मोडणारे विकर नाव मिळण्याच्या आधीच वावरत होते. स्वीडनमधील तो नमुना आधी सापडला म्हणून दिल्लीचे नाव लागले. नमुने वेगळ्या क्रमाने तपासले गेले असते तर कदाचित आपल्या शहराचे लागले असते. मग आपणही तितक्याच त्वेषाने नावावरच भांडलो असतो काय?

२०११ मध्येच टिमोथी वॉल्श आणि सहकाऱ्यांनी दिल्लीतील पाणी तपासले. रस्त्याकडेच्या साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये, तर नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ नमुन्यांत एनडीएम-१ चे जनुक होते. हे आकडे औषधाच्या दुकानापेक्षा मोरीकडे आणि जलवाहिनीकडे बोट दाखवतात. जनुक प्लाझ्मिडवर बसून फिरते, आणि प्लाझ्मिड असलेला जीवाणू मैल्याबरोबर फिरतो. स्वच्छ पाणी आणि धुतलेले हात हे अशा वेळी प्रतिजैविकांचेच रक्षण करत असतात. फ्लेमिंग यांच्या गोष्टीत गटार नव्हते. आपल्या गोष्टीत ते असायला हवे.

त्यानंतर काही पावले पडली. १ मार्च २०१४ पासून औषधांची एच-१ ही अनुसूची लागू झाली. तीतील प्रतिजैविके विकताना डॉक्टरांची चिठ्ठी आणि दुकानातील नोंद आवश्यक ठरली. विकराला चकवणारी औषधेही निघाली. यांतील जुनी युक्ती तर मातीनेच शिकवली होती: क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल हे स्ट्रेप्टोमायसीजच्या एका जातीत सापडले. ते स्वतःला विकराच्या तोंडी देते आणि पेनिसिलिनच्या कुळातील औषधाला वाचवते. एनडीएमपुढे मात्र ही युक्ती चालत नाही. अ‍ॅझ्ट्रिओनाम हे औषध एनडीएमला मोडता येत नाही. त्याला इतर विकरांपासून वाचवणाऱ्या अ‍ॅव्हिबॅक्टॅमची जोड देऊन केलेले मिश्रण युरोपात २०२४ मध्ये आणि अमेरिकेत २०२५ मध्ये मंजूर झाले. या कामात महाराष्ट्राचाही वाटा आहे: झिडेबॅक्टॅम हे अशा जीवाणूंविरुद्धचे द्रव्य वोखार्टच्या औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, संशोधन केंद्रातून आले. तरीही धाव विकराचीच पुढे आहे. २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिजैविक-रोधामुळे झाले.

या मृत्यूंना कोणाचे नाव द्यावे? गबाळ्या नवऱ्याचे, दिल्लीचे, की वाडीवरच्या बाईचे? नाव दिले की प्रश्न सुटल्याचे समाधान मिळते. म्हणूनच नाव देण्याची इतकी घाई होते. इतिहास सांगतो ते कमी समाधानकारक आहे. विकर कोणी केलेले नाही, ते होतेच. त्याला मैदान मोकळे करून देण्यात मात्र रुग्णालये, शेती, कारखाने, नगरपालिका आणि आपण सारे सहभागी आहोत. काकूंचा वाटा त्यात आहेच, पण तो सर्वांत लहान आहे. त्यांच्या बाबतीत तर दुसरी शोकांतिकाही लागू पडते: दोन दिवसांच्या गोळ्या त्यांनी निष्काळजीपणाने मागितल्या नव्हत्या, कनवटीला तेवढेच पैसे होते.

त्या दिवशी दुकानातून बाहेर पडताना आम्ही त्या गृहस्थांना काहीच बोललो नाही. मराठीत सांगायला आमच्याजवळ तेव्हा फ्लेमिंग यांचीच गोष्ट होती, दुसरी नव्हती. मेरी बार्बर यांचे १४ आणि ३८ टक्के, मुंबईचे २४ पैकी २२, पुण्याच्या शीतपेटीतले नमुने, हे सारे इंग्रजी नियतकालिकांत छापलेले होते, आणि ते पालीच्या बाजारपेठेपर्यंत आणण्याचे काम कुणाचे, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला नव्हता. मातीच्या वासावर आपण पुष्कळ लिहिले. आता त्या मातीत आणखी काय आहे, तेही आपल्या भाषेत लिहावे लागेल.